अर्ध्या कुत्रीचे मालक

अस्सल जातीचं पिल्लू घ्यायला गेलेल्या माणसाला चांगला ब्रीडर आधी किंमत सांगत नाही. घर केवढं, कितव्या मजल्यावर, दुपारी घरात कोण असतं, आधी कुत्रं होतं का, ते कशानं गेलं, अशी सगळी उलटतपासणी होते. तीत आपण पास झालो की तो कोपऱ्यातल्या एका मादी पिल्लाकडे बोट दाखवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "ही या लिटरची पिक आहे. ही खरं तर मी विकतच नाही. पण तुमच्यासारखं घर मिळत असेल तर... को-ओन करू या का?"

समोरच्या माणसाला यातलं 'तुमच्यासारखं घर' एवढंच ऐकू येतं. शिवाय किंमत निम्म्यावर आलेली असते, कधी कधी शून्यावर. पुण्याच्या माणसाला (मी पुण्याचाच, त्यामुळे बोलायचा हक्क आहे) निम्म्या किमतीत अख्खी वस्तू पदरात पडल्याचा आनंद होतो. निम्म्या किमतीत निम्मीच वस्तू मिळाली आहे, हे त्याला तिच्या पहिल्या माजापर्यंत कळत नाही.

ब्रीडर लबाड असतो असं मुळीच नाही. त्याची अडचण खरी असते. वंश पुढे चालवायचा तर चांगल्या माद्या हाताशी हव्यात, आणि दर वेतातली एक ठेवत गेलं तर काही वर्षांत घरात माणसांना जागा उरत नाही. त्यात आठ आठवड्यांचं पिल्लू पुढे कसं निघेल हे ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. दात बदलल्यावर जबडा पुढे येतो, उंची मापाबाहेर जाते, नराचा एक अंडकोष वर बसतो तो खाली उतरतच नाही, आणि दोन्ही जागच्या जागी नसले तर शोच्या रिंगणातून जज त्याला बाहेर काढतो. तेव्हा ज्या पिल्लावर आशा ठेवायची ते वाढवायचं दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या खर्चानं. चांगलं निघालं तर कागदावर आपलं नाव आहेच. अमेरिकेत ही पद्धत इतकी रुळली आहे की शोच्या कॅटलॉगमध्ये एकेका कुत्र्याखाली तीन-तीन, चार-चार मालकांची नावं दाटीवाटीनं बसलेली असतात. यातल्या किती जणांना त्या कुत्र्यानं प्रत्यक्ष ओळखलं असतं, ते कॅटलॉगमध्ये छापत नाहीत.

तसं पाहिलं तर आपल्या मुलखाला हे नवं नाही. खेड्यात शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, चारा-पाणी आणि राखण दुसऱ्याची, करडं झाली की निम्मी-निम्मी. स्टॅम्पपेपर नाही, साक्षीदार नाही, आणि तरी पिढ्यान्पिढ्या चाललं आहे. पण शेळीला चॅम्पियन व्हायचं नसतं. तिचा वाढदिवस केक कापून करत नाहीत. आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या वर्षी ती पलंगावर, दोघांच्या मध्ये, आडवी झोपत नाही. अर्धलीचा व्यवहार निभावला तो एवढ्यावर.

दोन भावांनी म्हैस वाटून घेतल्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. धाकट्याच्या वाट्याला पुढची बाजू, थोरल्याकडे मागची. धाकट्यानं चारा घालायचा, थोरल्यानं दूध काढायचं. को-ओनरशिपचा करार वाचताना ही गोष्ट आठवतेच, कारण करारात नेमकं हेच असतं, फक्त इंग्रजीत आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. पुढची बाजू तुमची: खाणं, लसी, जंताची औषधं, कुरतडलेला सोफा, रात्रीच्या उलट्या. मागची बाजू ब्रीडरची: माज, मेटिंग, पिल्लं. मादी माजावर आली की कुणाच्या नराकडे न्यायची हे तो ठरवणार. प्रोजेस्टेरॉनची तपासणी करायला दिवसाआड तिला घेऊन जाणार तुम्ही. नर बंगळूरचा ठरला तर बंगळूरला जाणारही तुम्ही. मग साधारण त्रेसष्ट दिवस तिचे डोहाळे पुरवायचे, आणि ती पहाटे तीनला व्याली की ब्रीडरला फोन करायचा. तो आनंदानं विचारतो, "माद्या किती?" कुत्रीची तब्येत कशी आहे हा प्रश्न दुसरा येतो. तो येतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

करारातलं लाडकं कलम म्हणजे 'पहिल्या दोन वेतांतलं पहिल्या पसंतीचं पिल्लू ब्रीडरचं'. वाचताना यात काही वावगं वाटत नाही. पण वेतात एकच पिल्लू झालं तर? ते पहिल्या पसंतीचं म्हणून ब्रीडरचं, आणि ज्यानं त्रेसष्ट दिवस काढले त्याच्या हाती धुवायची पांघरुणं. बरं, एका पिल्लाला वेत म्हणायचं की नाही? ब्रीडर म्हणतो, नाही. अजून दोन शिल्लक. सगळेच नर झाले आणि ब्रीडरला मादी हवी होती, तर? त्याचंही उत्तर तेच असतं: हे वेत धरायचं नाही. बुलडॉगसारख्या मोठ्या डोक्याच्या जातीत सिझेरियन हा अपवाद नसून रिवाज आहे. त्याचं बिल पुढच्या बाजूच्या खात्यात की मागच्या? पिल्लं मागच्या बाजूच्या खात्यातली, पण टाके पडले पोटाला, आणि पोट मधोमध असतं.

अशा वेळी कुणीतरी म्हणतं, "कायदा काय म्हणतो ते बघा ना!" कायदा फारच रोखठोक बोलतो. त्याच्या लेखी कुत्री ही जंगम मालमत्ता. कपाट, शिलाई मशीन, कुत्री, या क्रमानं. दोघांची नावं असतील आणि करारात दुसरं काही नसेल, तर दोघांचा अविभक्त हिस्सा, म्हणजे पुढचं-मागचं असलं काही नाही. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत प्रत्येक केसात दोघांचा वाटा. 1872 च्या करार कायद्यात 163 वं कलम आहे. ते लिहिणाऱ्या इंग्रजानं अगदी आपल्या गोठ्यातलं उदाहरण दिलं आहे: 'अ'नं 'ब'कडे गाय सांभाळायला ठेवली, गायीला वासरू झालं, तर 'ब'नं गायीबरोबर वासरूही परत द्यायचं. वाचून ब्रीडर मंडळींना बरं वाटतं. पण ही गाय अर्धी 'ब'चीच असेल, आणि 'ब'च्या मुलीनं वासराचं नाव 'मोमो' ठेवून त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं असेल, तर काय, हे त्या उदाहरणात नाही.

त्याहून भयंकर आहे 1930 च्या मालविक्री कायद्याचं 28 वं कलम. वस्तू अनेकांच्या मालकीची आहे, पण बाकीच्यांच्या परवानगीनं ती एकाच्याच ताब्यात आहे. त्यानं ती परस्पर विकली, आणि घेणाऱ्यानं प्रामाणिकपणे, काही ठाऊक नसताना घेतली, तर घेणारा तिचा खरा मालक होतो. म्हणजे तुमची अर्धी कुत्री तुमच्या भागीदारानं शोसाठी म्हणून महिनाभर नेली आणि हैदराबादच्या एखाद्या सज्जनाला विकली, तर तुम्ही भागीदारावर पैशांचा दावा ठोकू शकता. कुत्री मात्र हैदराबादी बिर्याणीच्या वासावर रमलेली असेल. हा कायदा करताना कुणाच्या डोळ्यासमोर कापसाच्या गाठी असतील, कुणाच्या धान्याची पोती. त्यांना शेपटी नसते.

शोचं प्रकरण वेगळंच. शोचा कुत्रा हा शोच्या कुत्र्यासारखा दिसावा लागतो आणि घरातली माणसं त्याला घरातल्यासारखं वागवतात. ओळखीतल्या एका डोंबिवलीकर कुटुंबाकडे अशीच भागीदारीतली शिह त्झू होती. प्रमाणपत्रावर तिचं नाव पाच शब्दांचं, त्यात एक राजघराणं आणि एक चांदणं. घरी ती चिंगी. शिह त्झूचा कोट जमिनीपर्यंत लोळावा म्हणून महिनोन्महिने केसांना तेल-कंडिशनर लावून, पुड्या बांधून ठेवतात. एप्रिलमधल्या एका दुपारी घरच्या आजींनी शिवणाची कात्री घेतली आणि चिंगीला मानेपासून शेपटीपर्यंत मोकळं केलं. पुढच्या महिन्यात शो होता.

ब्रीडर संध्याकाळी आले आणि दारातच मटकन बसले. "काकू, दीड वर्ष गेलं हो माझं!"

"तुमचं कसं?" आजी म्हणाल्या. "रोज विंचरत मी होते."

"अहो, पण तिच्यात माझा निम्मा वाटा आहे."

"मग निम्मे केस न्या की. पिशवीत भरून ठेवलेत."

कोणत्याही वकिलाला आजींच्या या युक्तिवादात खोट काढता आली नसती. चिंगी मात्र त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच फरशीवर पोट टेकून गाढ झोपली. पुढे तिचा कोट वाढला, पण आजींची कात्री हाताशीच राहिली आणि ब्रीडरांनी त्या घराला शोचं निमंत्रण देणं सोडून दिलं.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगायला हवी. नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढताना पायोमेट्रा नावाचं दुखणं होऊ शकतं. गर्भाशयात पू साठतो. मादी पाणी पीत सुटते, मग खाणं टाकते, आणि डॉक्टर म्हणतात, गर्भाशय काढा, आत्ता काढा. कराराच्या सातव्या का आठव्या कलमात मात्र लिहिलेलं असतं की दुसऱ्या मालकाच्या लेखी संमतीशिवाय नसबंदीची शस्त्रक्रिया करायची नाही. ठरलेली वेतं अजून झालेली नसतात आणि अनेक शोंच्या रिंगणात नसबंदी झालेली मादी चालत नाही. दुसरा मालक त्या वेळी विमानात असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात बँडशेजारी उभा असतो. बहुतेक माणसं अशा वेळी योग्य तेच करतात, आधी ऑपरेशन आणि मग भांडण. पण ती दहा मिनिटं, ज्यात शहाणासुरता माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात फोनवर कराराचा फोटो मोठा करून कलम शोधत असतो, ती कुणावर येऊ नयेत. म्हणून माझं म्हणणं आहे की करार करायचाच असेल तर किंमत, वेतं, शो, सगळं नंतर. पहिलं कलम हे, की जनावराच्या जिवावर बेतलं तर ज्याच्याकडे ते आहे त्यानं निर्णय घ्यायचा आणि दुसऱ्यानं तो मान्य करायचा. आणि हे लिहून द्यायला जो खळखळ करतो, त्याच्याबरोबर अर्धा कुत्राच काय, अर्धा वडापावही घेऊ नये.

सगळं सुरळीत पार पडलं, वेतं झाली, पिल्लं दिली, तरी एक सही उरतेच. कुत्री पूर्णपणे तुमच्या नावावर करायची तर हस्तांतराचा अर्ज चेन्नईला केनेल क्लब ऑफ इंडियाकडे जायला हवा आणि त्यावर दोन्ही नोंदणीकृत मालकांची सही हवी. सही करणारा माणूस तोवर कॅनडात स्थायिक झालेला असतो, किंवा नवरा-बायकोचं केनेल असतं आणि आता ते नवरा-बायको नसतात, किंवा तो पुण्यातच, दोन गल्ल्या पलीकडे असतो, पण तिसऱ्या वेतातल्या काळ्या नरावरून बोलणं बंद असतं. क्वचित तो देवाघरी गेलेला असतो. मग त्याचा निम्मा हिस्सा, जंगम मालमत्ता असल्यामुळे, वारसांकडे जातो. लातूरला एक मुलगा, न्यू जर्सीला एक मुलगी, आणि कुत्र्यांना घाबरणारी त्यांची आई, असे तुमच्या लॅब्रॅडॉरचे तीन नवे भागीदार तयार होतात. त्यांच्यातल्या एकाला प्रश्न पडतो की बाबांचा निम्मा कुत्रा बाजारभावानं केवढ्याचा?

याहून रंगतदार घोळ देशी जातीत होतो. आपल्या सोलापूर-सांगलीकडचा आणि कर्नाटकातल्या बागलकोटकडचा तो सडपातळ, वाऱ्यासारखा पळणारा शिकारी कुत्रा केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी 'कॅरव्हान हाउंड' आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी 'मुधोळ हाउंड'. मुधोळच्या घोरपडे संस्थानानं त्याला राजाश्रय दिला, म्हणून मुधोळ. टपाल खात्यानं 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातही तो मुधोळच. आता कल्पना करा, एका मालकानं पिल्लाची नोंद एका क्लबात केली, दुसऱ्यानं दुसऱ्यात. तोच कुत्रा, तेच चार पाय, आणि दोन वेगवेगळ्या जातींचा. दोन्ही कागद खरे. त्याला मात्र ससा दिसला की तो दोन्ही कागदांच्या पलीकडे जातो.

भांडण क्लबाकडे न्यावं म्हटलं तर अमेरिकन केनेल क्लब, 1884 पासूनची एवढी मुरलेली संस्था, स्वच्छ सांगते की सहमालकांचे तंटे तुमचे तुम्ही मिटवा, आम्ही फक्त नोंदी ठेवतो. लंडनच्या केनेल क्लबनं थोडी शहाणी वाट काढली आहे: ब्रीडरनं पिल्लू अख्खं विकावं आणि नोंदणीवर शेरा मारून ठेवावा की याच्या पिल्लांची नोंद माझ्या मंजुरीशिवाय होणार नाही. कुत्रा तुमचा, नातवंडं माझ्या परवानगीनं. मला विचाराल तर आपल्याकडच्या निम्म्या करारांचं काम एवढ्या एका शेऱ्यात भागलं असतं, पण मग 'आमची चॅम्पियन' असं म्हणताना ब्रीडरला 'आमची'वर तेवढा जोर देता आला नसता.

कोर्टात जाणारेही असतातच. 2013 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅशहुंडवरून घटस्फोट घेणारं जोडपं भांडत होतं, तेव्हा न्यायाधीशांनी खुर्ची-टेबलासारखा त्याचा निकाल न लावता सगळ्यांच्याच दृष्टीनं काय बरं हे बघायला सुनावणी ठेवली, पण बजावलं की ती एका दिवसात आटपली पाहिजे. पुढे 2017 मध्ये अलास्कानं आणि 2019 मध्ये कॅलिफोर्नियानं घटस्फोटात पाळीव जनावराचं हित बघायची मुभा न्यायाधीशांना दिली, आणि गंमत अशी की दोन्ही ठिकाणी न्यायाधीश संयुक्त मालकीही देऊ शकतात. म्हणजे ज्या दोघांचं एका छताखाली जमलं नाही, त्यांना एका पट्ट्याखाली जमवायचं. आपल्याकडेही दिल्लीत हेन्री नावाच्या रॉटवायलरच्या ताब्यावरून एक खासदार आणि एक वकील कोर्टाच्या पायऱ्या चढले आहेत. घटस्फोटाच्या भांडणात निदान लग्नाचा अल्बम तरी असतो. इथे ब्रीडर आणि तुम्ही दोघं असलेला एकच फोटो असतो, शोमधला, आणि त्यातही मधे कुत्रा आणि त्याच्या मागे हँडलर.

आणि हे सगळे हिस्सेदार, जे चषकाच्या वेळी गर्दी करून उभे असतात, ते एका दिवशी विरघळून जातात. तो दिवस म्हणजे कुत्रा चावतो तो. भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलम जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या निष्काळजीपणाबद्दल बोलतं. प्रमाणपत्रावर दुसऱ्या क्रमांकाला कुणाचं नाव आहे याची त्याला पर्वा नाही. कुरिअरवाल्याची पोटरी धरली गेली की तोवर 'आपली मुलगी, आपली मुलगी' करणारा सहमालक एकदम 'तुमचा कुत्रा' म्हणू लागतो. महापालिकेचा परवाना कोणाच्या नावावर आहे हेही तेव्हा त्याला आठवतं, आणि तो तुमच्या नावावर आहे हे आठवून त्याचा चेहरा शांत होतो.

आमच्या सोसायटीत मागच्या वर्षी यावर एक अधिकृत पत्रव्यवहार झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या अशाच एका भागीदारीतल्या डॉबरमनबद्दल दोन तक्रारी आल्या: एक, तो लिफ्टमध्ये दात दाखवतो, दोन, बागेतल्या हिरवळीवर घाण करतो. सेक्रेटरी निवृत्त महसूल अधिकारी, सातबाऱ्यावर हयात गेलेली. त्यांनी दोन्ही मालकांची नावं मागवली, कराराची प्रत मागवली, ती तांबड्या पेननं खुणा करत वाचली, आणि दुसऱ्या दिवशी दोन स्वतंत्र नोटिसा काढल्या. दातांची नोटीस दुसऱ्या मजल्यावर. हिरवळीची, रजिस्टर्ड पोस्टानं, ब्रीडरला.